जुन्या संगणकात नवा भाग : बसेल, पण चालेल का?



समजा, तुमच्या शाळेच्या संगणक-कक्षात २०१४ साली घेतलेले दहा संगणक आहेत. बटण दाबल्यापासून ते कामाला तयार होईपर्यंत दीड-दोन मिनिटे जातात, आणि दोन-तीन कामे एकदम सांगितली की यंत्र जागच्या जागी थबकते. शाळेजवळ थोडे पैसे जमले आहेत, पण दहा नवे संगणक घेण्याइतके नाहीत. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली, आणि पुढची विंडोज ११ ही प्रणाली एवढ्या जुन्या प्रोसेसरवर चालवायला कंपनीची मान्यता नाही. आता कोणी म्हणतो, 'सगळे भंगारात काढा.' कोणी म्हणतो, 'रॅम वाढवा.' कोणी म्हणतो, 'प्रोसेसर नवा घाला.' आणि दुकानदार म्हणतो, 'हा भाग घेऊन जा, आरामात बसेल.'

यांपैकी कोणाचे ऐकावे? चुकीचा भाग विकत घेतला तर पैसे गेले आणि संगणकही तसाच राहिला, असे व्हायचे. हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे, पण त्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. ओहमचा नियम, विद्युत शक्ती, उष्णतेचे वहन आणि थोडा गुणाकार-भागाकार एवढे भांडवल त्याला पुरते.

विचार नेमका व्हावा म्हणून एक ठरावीक यंत्र डोळ्यांसमोर ठेवू. त्यात इंटेल कंपनीचा कोअर आय३-४१३० हा प्रोसेसर आहे. एच८१ जातीचा मदरबोर्ड आहे. ४ जीबी रॅम आहे. आणि मिनिटाला ७२०० फेरे फिरणारी हार्ड डिस्क आहे. २०१३-१४ च्या सुमारास घेतलेल्या कितीतरी संगणकांत साधारण हाच संच सापडतो.

आधी दुखणे ओळखा

डॉक्टर नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. आपणही 'कोणता भाग घ्यावा' हे विचारण्याआधी 'वेळ कोठे जातो' हे विचारू.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरत असते आणि तिच्यावरून एक वाचक-टोक पुढे-मागे सरकते. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला १/१२० सेकंद, म्हणजे ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती टोकाखाली येण्यासाठी कधी पूर्ण फेरा थांबावे लागते, कधी अजिबात नाही. म्हणून सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद धरू. शिवाय टोकाला योग्य वर्तुळापर्यंत सरकायला सरासरी ९ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. दोन्ही मिळून सुमारे १३ मिलिसेकंद झाले. याचा अर्थ, तबकडीवर इकडे-तिकडे विखुरलेली माहिती ही डिस्क सेकंदाला जेमतेम ७७ वेळा आणून देऊ शकते.

आता समजा, संगणक सुरू होताना अशा ६००० विखुरलेल्या तुकड्यांची गरज पडते. ६००० ला १३ मिलिसेकंदांनी गुणा. उत्तर येते ७८ सेकंद! प्रोसेसरचे आणि इतर काम २२ सेकंदांचे धरले, तर एकूण १०० सेकंद झाले.

या १०० सेकंदांवर दोन उपाय करून पाहू. पहिला उपाय असा, की दुप्पट वेगाचा प्रोसेसर घातला. २२ चे ११ झाले. एकूण वेळ ८९ सेकंद. दुसरा उपाय असा, की हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. माहिती अर्धवाहकाच्या चिपांमध्ये विद्युत प्रभाराच्या रूपाने साठवलेली असते, आणि एक तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात मिळतो. ६००० तुकड्यांना ०.६ सेकंद लागले. एकूण वेळ साडेबावीस सेकंदांच्या आसपास!

पहिल्या उपायाने शंभरातले अकरा सेकंद वाचले, दुसऱ्याने सत्त्याहत्तर. जो भाग एकूण वेळातला थोडाच हिस्सा खातो, त्याला कितीही वेगवान केले तरी फायदा त्या हिश्शापलीकडे जात नाही. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हा विचार मांडला, म्हणून त्याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात. दहा माणसांची रांग एकाच खिडकीपाशी अडली असेल, तर रांगेतल्या एखाद्याने भराभर चालून काय होणार?

रॅमचेही असेच आहे. चालू कामे रॅममध्ये मावेनाशी झाली की प्रणाली त्यांतला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या डिस्कवरून १३ मिलिसेकंद. हे प्रमाण एक लाखाहून अधिक आहे. म्हणून रॅम अपुरी असेल तर संगणक थोडा मंदावत नाही, तर थबकतोच. टास्क मॅनेजर उघडून पाहा. काम चालू असताना डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसते, की रॅम भरलेली दिसते, की प्रोसेसर? जे भरलेले तेच दुखणे.

इगतपुरीचा धडा

दुखणे कळले. आता औषध, म्हणजे नवा भाग, या यंत्राला मानवेल का ते पाहायचे. येथे एक जुने उदाहरण उपयोगी पडते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली. तिला १५०० व्होल्ट एकदिश दाबाची वीज पुरवली जात असे. पुढे देशातल्या बहुतेक मार्गांचे विद्युतीकरण २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबावर झाले. या दोन पद्धती इगतपुरीला एकमेकींना भेटत. रूळ दोन्हीकडे सारखेच, १६७६ मिलिमीटर अंतराचे. डबे तेच, प्रवासी तेच. पण केवळ एकदिश विजेवर चालणारे इंजिन इगतपुरीच्या पुढे जाऊ शकत नसे. तेथे इंजिन बदलावे लागे. मुंबईकडची वीज बदलण्याचे काम २०१६ सालापर्यंत पूर्ण झाले, तेव्हा ही अडचण संपली.

चाके रुळांवर बसणे ही एक गोष्ट आणि गाडी चालणे ही दुसरी. संगणकाचा भाग निवडताना म्हणूनच चार प्रश्न याच क्रमाने विचारायचे : आकार जुळतो का? वीज जुळते का? भाषा जुळते का? उष्णता बाहेर जाईल का? चारही उत्तरे 'होय' आली तरच भाग घ्यायचा.

पहिला प्रश्न : आकार

रॅमच्या पट्टीकडे पाहा. तिच्या खालच्या कडेला सोनेरी टोकांची ओळ असते आणि त्या ओळीत एक छोटी खाच असते. डीडीआर३ जातीच्या पट्टीला २४० टोके असतात. २०१४ पासून बाजारात आलेल्या डीडीआर४ ला २८८, आणि २०२० साली जिचे मानक प्रसिद्ध झाले त्या डीडीआर५ लाही २८८. लांबी तिघींची सारखी, सुमारे १३३ मिलिमीटर. मात्र खाचेची जागा प्रत्येकीत वेगळी आहे, आणि ती मुद्दामच वेगळी ठेवलेली आहे. चुकीची पट्टी चुकीच्या जागी शिरूच नये म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. म्हणून रॅम बसत नसेल तर जोर लावू नका. खाच तुम्हाला काही सांगत आहे.

आपल्या एच८१ बोर्डाला डीडीआर३ च लागते. 'नवी आहे, वेगवान आहे' म्हणून आणलेली डीडीआर४ ची पट्टी येथे निरुपयोगी आहे. लॅपटॉपची पट्टी तर लांबीने निम्मीच असते, तीही चालत नाही.

प्रोसेसरच्या बैठकीलाही अशीच ओळख असते. आपल्या प्रोसेसरची बैठक एलजीए ११५० या नावाची आहे, म्हणजे तिच्यात ११५० टोके आहेत. २०१५ साली आलेल्या बैठकीत ११५१, २०२० च्या बैठकीत १२००, २०२१ च्या बैठकीत १७००. तेव्हा आजच्या काळातला प्रोसेसर घ्यायचा तर त्यासोबत मदरबोर्ड बदलावा लागेल. मदरबोर्ड बदलला की रॅमही बदलावी लागेल. एक वीट काढायला गेलो आणि भिंतच उतरवावी लागली, असा हा प्रकार.

कॅबिनेटचेही माप घ्या. एटीएक्स या मानकाचा बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो आणि मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ मिलिमीटरचा. लहान कॅबिनेटमध्ये मोठा बोर्ड मावत नाही, आणि लांब ग्राफिक्स कार्ड कधी कधी डिस्कच्या कप्प्यावर आपटते. खरेदीला जाताना खिशात मोजपट्टी असावी!

दुसरा प्रश्न : वीज

संगणकाच्या मागच्या बाजूला असलेली लोखंडी पेटी, जिला आपल्याकडे सगळे एसएमपीएस म्हणतात, ती घरातल्या २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एकदिश दाब तयार करते. तिच्यावर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' लिहिलेले असते आणि लोक तेवढेच वाचतात. खरी माहिती खालच्या बारीक तक्त्यात असते.

समजा, त्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले आहे. शक्ती = दाब × प्रवाह, म्हणून १२ × १८ = २१६ वॅट. अलीकडच्या संगणकांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खवय्ये आपली बहुतेक वीज १२ व्होल्टच्या तारांमधूनच घेतात. म्हणजे पेटीवर ४५० लिहिले असले तरी आपल्या उपयोगाचे त्यातले २१६ वॅटच.

आता कोणी हौसेने या संगणकात एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरवले. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसते. त्याची शक्ती १७० वॅट. आपल्या प्रोसेसरची ५४ वॅट. पंखे, डिस्क, बोर्ड यांसाठी ४० वॅट धरू. बेरीज २६४ वॅट. भागिले १२, म्हणजे २२ अँपिअर. पेटी देऊ शकते १८. परिणाम काय होईल? साधे लिखाण करताना काही कळणार नाही, पण कार्डावर भार येताच संगणक अचानक बंद पडेल, आणि पेटी हलक्या प्रतीची असेल तर जळूही शकेल. बसले, पण चालले नाही!

याउलट, २०१९ सालच्या जीटीएक्स १६५० या कार्डाची शक्ती ७५ वॅट आहे, आणि मानकानुसार स्लॉटमधूनच ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते. म्हणून या कार्डाच्या अनेक नमुन्यांना वेगळी तार जोडावीच लागत नाही. याहून अधिक शक्तीच्या कार्डांना सहा टोकांच्या जोडणीतून आणखी ७५ वॅट किंवा आठ टोकांच्या जोडणीतून १५० वॅट द्यावे लागतात. आपल्या पेटीला तशी जोडणी आहे का, हे आधी पाहावे.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, 'सगळा भार १२ व्होल्टवरच का? ५ व्होल्टवर का नाही?' गणित करू. १०० वॅट शक्ती ५ व्होल्टने पाठवायची तर प्रवाह २० अँपिअर. १२ व्होल्टने पाठवायची तर ८.३३ अँपिअर. तारेचा रोध ०.०१ ओहम धरला, तर तारेत वाया जाणारी उष्णता (प्रवाहाचा वर्ग × रोध) पहिल्या वेळी ४ वॅट आणि दुसऱ्या वेळी ०.७ वॅट. कोयनेची वीज मोठ्या दाबाने शहराकडे का आणतात, या प्रश्नाचे उत्तर तुम्ही शिकला आहात. तेच उत्तर या हातभर तारेलाही लागू पडते.

रॅमच्या पिढ्यांमागेही हेच तत्त्व आहे. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२ व्होल्ट, डीडीआर५ ला १.१ व्होल्ट लागतात. चिपमधल्या अतिसूक्ष्म संधारित्रांना भरण्या-रिकामे करण्याला लागणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १.२ ला १.५ ने भागून वर्ग केला की ०.६४ येतात, म्हणजे इतर गोष्टी सारख्या असतील तर ३६ टक्के बचत. दाब उतरत गेला तो यासाठी, आणि म्हणूनच एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या जागेत जाऊ नये यासाठी खाच सरकवली गेली. पहिल्या प्रश्नाचे कारण असे दुसऱ्या प्रश्नात दडलेले आहे.

तिसरा प्रश्न : भाषा

आकार जुळला, वीज जुळली, तरी दोन भागांना एकमेकांचे बोलणे समजले पाहिजे.

याचे सर्वांत फसवे उदाहरण ११५१ टोकांच्या बैठकीचे आहे. ही बैठक २०१५ साली आली. २०१७ साली इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले. त्यांचीही बैठक ११५१ टोकांचीच. पण काही टोकांची कामे बदलली होती आणि या प्रोसेसरांना ३०० क्रमांकाच्या मालिकेतले नवे बोर्ड लागत. जुन्या बोर्डात ते बसतात, पण संगणक सुरू होत नाही. नाव एक, टोके तेवढीच, तरी व्यवहार नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच बोर्डाचे घेऊ. एच८१ जातीचे बोर्ड २०१३ साली आले. कोअर आय७-४७९० हा प्रोसेसर २०१४ साली आला. बैठक तीच, ११५० टोकांची. मात्र २०१३ साली बनलेल्या बोर्डाला या नंतर जन्मलेल्या पाहुण्याची ओळख नसते. बोर्डावरच्या चिपमध्ये बायोस नावाची प्राथमिक आज्ञावली असते. तिची नवी आवृत्ती भरली की ओळख पटते. एएमडी कंपनीच्या एएम४ बैठकीतही हेच घडते. २०१७ पासून पुढच्या अनेक पिढ्यांचे प्रोसेसर तिच्यात बसतात, पण बायोसला त्यांची ओळख असावी लागते. म्हणून मदरबोर्डाच्या उत्पादकाने दिलेली, कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो ही यादी पाहिल्याशिवाय प्रोसेसर घेऊ नये.

तिसरे उदाहरण एसएसडीचे. एसएसडी दोन रूपांत मिळते. एक अडीच इंची चपटी पेटी, जी साटा नावाच्या जोडणीने जोडतात. दुसरी च्युइंगगमच्या वडीसारखी एम.२ पट्टी. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकारात साटाची भाषा बोलणारी पट्टी मिळते आणि एनव्हीएमई ही वेगळी, अधिक वेगवान भाषा बोलणारीही मिळते. फक्त साटा समजणाऱ्या खाचेत एनव्हीएमईची पट्टी बसली तरी मुकीच राहते. आपल्या काळातल्या एच८१ बोर्डांवर बहुधा एम.२ ची खाच नसतेच, म्हणून आपल्याला साटाची अडीच इंची एसएसडीच योग्य.

साटाचा एक मोठा गुण असा, की तिच्या नव्या-जुन्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवून घेतात. दोन माणसांपैकी एकाला जलद बोलणे समजत नसेल, तर दुसरा सावकाश बोलतो, तसे हे आहे. एच८१ बोर्डावर साटाच्या चार जोडण्या असू शकतात. दोन सेकंदाला ६ गिगाबिट वेगाच्या आणि दोन ३ गिगाबिटच्या. या पद्धतीत माहितीचे ८ बिट पाठवण्यासाठी १० बिट खर्च होतात. म्हणून ६०० कोटी बिटांना १० ने भागा : सेकंदाला ६० कोटी बाइट, म्हणजे ६०० मेगाबाइट. दुसऱ्या जोडणीवर ३००. एसएसडी अर्थातच वेगवान जोडणीवर लावावी.

भाषेचा शेवटचा मुद्दा प्रणालीचा. संगणकावर ३२-बिट प्रणाली असेल, तर ती रॅममधल्या जागांना ३२ अंकी द्विमान क्रमांक देते. असे क्रमांक किती होतात? २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. एका बाइटला एक क्रमांक धरला तर ४ जीबीलाच क्रमांक संपले! अशा विंडोजवर ८ जीबी रॅम घातली तरी वरची ४ जीबी बिननंबरी घरासारखी राहते. पोस्टमन तेथे पोचतच नाही. रॅम वाढवण्याआधी प्रणाली ६४-बिट आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

चौथा प्रश्न : उष्णता

प्रोसेसर जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. ती बाहेर नेण्यासाठी त्याच्यावर धातूच्या पंखांचा हीट सिंक आणि पंखा असतो. हीट सिंकची कसोटी अशी, की एका वॅटमागे तापमान किती अंशांनी चढते. समजा, आपल्या हीट सिंकसाठी हा आकडा ०.६ आहे. ५४ वॅट भार असताना तापमान खोलीपेक्षा ५४ × ०.६ = ३२ अंशांनी चढेल. खोलीत ३० अंश असतील तर प्रोसेसर ६२ अंशांवर. मे महिन्यात नागपूरच्या एखाद्या शाळेत खोलीच ४२ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७४ अंशांवर.

आता त्या पंखांत दहा वर्षांची धूळ बसली आहे आणि आकडा ०.६ चा १.२ झाला आहे असे धरा. ४२ + ६५ = १०७! अशा प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तेथे पोचण्याआधी तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. म्हणजे 'मंद' वाटणाऱ्या संगणकाला कदाचित नवा भाग नकोच असेल; मऊ ब्रश आणि नवी थर्मल पेस्ट एवढ्यावरच काम भागेल. पेस्ट कशासाठी? दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि हवा उष्णतेची मंदवाहक आहे. पेस्ट त्या पोकळ्या भरून काढते. ती पातळ लावावी. जाड थर लावला तर तोच अडथळा होतो.

याच गणिताने हेही कळते, की ५४ वॅटच्या जागी ८४ वॅटचा आय७-४७९० बसवला, तर त्याच हीट सिंकवर चढ ३२ ऐवजी ५० अंश होईल. प्रोसेसर बदलताना हीट सिंक पुरेल का, हे पाहावेच लागते.

मग शाळेने काय करावे?

चारही प्रश्नांच्या चाळणीतून जे उरते ते असे :

१. पहिल्यांदा धूळ काढावी आणि पेस्ट बदलावी. संगणक दर वेळी तारीख-वेळ विसरत असेल, तर बोर्डावरचा तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा सेल बदलावा. त्याचा क्रमांक सीआर २०३२ असतो.

२. प्रत्येक संगणकाला साटाची अडीच इंची एसएसडी बसवावी. सर्वांत मोठा फरक येथेच पडतो.

३. डीडीआर३ ची आणखी एक ४ जीबी पट्टी घालून रॅम ८ जीबी करावी. एच८१ बोर्डाला रॅमच्या दोनच जागा असतात आणि कमाल मर्यादा १६ जीबी. दोन पट्ट्या सारख्या असल्या तर बोर्ड दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, तोही फायदा मिळतो.

४. ६४-बिट लिनक्स प्रणाली घालावी. ती विनामूल्य मिळते, तिची देखभाल चालू असते आणि असल्या प्रोसेसरवर ती नीट चालते. सी-डॅक या संस्थेने तयार केलेली बॉस ही लिनक्सची भारतीय आवृत्तीही उपलब्ध आहे. मात्र शाळेला एखादी आज्ञावली फक्त विंडोजवरच चालवावी लागत असेल, तर आधी तिची चौकशी करावी. भाषेचा प्रश्न तेथेही आहेच.

५. नवा प्रोसेसर, मोठे ग्राफिक्स कार्ड, डीडीआर४ रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी यांवर या यंत्रासाठी पैसे घालू नयेत.

आणि कोठे थांबावे? ज्या भागासाठी मदरबोर्ड बदलावा लागतो, तेथे. त्यापुढे आपण जुना संगणक सुधारत नसून नवाच बांधत असतो, आणि मग हिशेबही नव्याचाच करावा. जी यंत्रे खरोखर निकामी झाली असतील, ती रद्दीवाल्याला देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांकडे ती पोचवावीत. चालू शकणारे यंत्र आणखी काही वर्षे वापरात ठेवले, तर तेवढा कचराही टळतो.

हात घालण्यापूर्वी

कॅबिनेट उघडण्याआधी वीज बंद करून तार भिंतीतून काढा आणि शिक्षकांना जवळ बोलवा. भाग हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा आणि काम चालू असताना पुन्हा पुन्हा करा. कोरड्या हवेत चालताना आपल्या अंगावर हजारो व्होल्टचा स्थितिक दाब तयार होतो. साधारण ३००० व्होल्टच्या आतला झटका आपल्याला जाणवतही नाही, पण काही शे व्होल्टही चिपचा नाश करू शकतात. पट्टी कडेने धरा, सोनेरी टोकांना बोट लावू नका.

एक नियम मात्र कधीही मोडू नका : एसएमपीएसची पेटी उघडायची नाही. २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे शिखरमूल्य २३० × १.४१४ = ३२५ व्होल्ट असते. आतली संधारित्रे तेवढ्या दाबाने भरलेली असतात आणि तार काढल्यानंतरही काही काळ भरलेलीच राहू शकतात.

शिक्षकांना एक सूचना. कक्षातला एखादा बंद पडलेला संगणक वर्गात उघडून ठेवा. विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक भागावरची चिठ्ठी वाचायला सांगा आणि फळ्यावर चार रकान्यांचा तक्ता करा : आकार, वीज, भाषा, उष्णता. तक्ता भरला की शाळेने काय घ्यावे, हे मुलेच सांगतील; आणि दुकानात जाताना तोच कागद बरोबर न्यावा.

स्वाध्याय

१. मिनिटाला ५४०० फेरे फिरणाऱ्या डिस्कला सरासरी अर्ध्या फेऱ्यासाठी किती वेळ लागेल?

२. एका एसएमपीएसवर '५०० वॅट' असे लिहिले आहे आणि तक्त्यात १२ व्होल्टसमोर २५ अँपिअर आहेत. वर उल्लेखिलेला २६४ वॅटचा भार ही पेटी पेलेल का? किती वॅट शिल्लक राहतील?

३. डीडीआर३ चाच एक प्रकार १.३५ व्होल्टवर चालतो. १.५ व्होल्टच्या तुलनेत ऊर्जेची बचत किती टक्के?

४. तुमच्या मित्राने सांगितले, 'माझ्या बोर्डावर एम.२ खाच आहे, म्हणून कोणतीही एम.२ एसएसडी चालेल.' त्याला कोणता प्रश्न विचाराल?

उत्तरे : (१) ५.५६ मिलिसेकंद. (२) होय; १२ × २५ = ३०० वॅट, शिल्लक ३६ वॅट. (३) १९ टक्के. (४) ती खाच साटाची भाषा समजते, एनव्हीएमईची, की दोन्ही?